वाव पेडलचे वस्ताद

वस्ताद कोणाचंही वाजवणं समोरून ऐकत नसत. माणूस गिटार गळ्यात अडकवून उभा राहिला की ते स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करायचे आणि हातातलं काम चालू ठेवायचे. वाजवणाऱ्याला दिसायची ती फक्त त्यांची पाठ, घामानं बनियनला चिकटलेली. उजवा खांदा थोडा वर गेला की आम्ही ओळखायचो, याचं संपलं. मग वस्ताद वळायचे आणि जे बोलायचे ते त्या माणसाला पुढची दहा वर्षं आठवत राहायचं.

दारव्ह्याला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ, टेप, अँप्लिफायर, भोंगे. मशिदीचा भोंगा आणि मंदिराचा भोंगा एकाच टेबलावर शेजारी शेजारी उघडून पडलेले असायचे, आणि पाणी लागू देऊन भोंगा खराब केला म्हणून दोन्हीकडच्या मंडळींना ते सारख्याच शिव्या घालायचे. पण त्यांच्याकडे आलेली वस्तू बंद अवस्थेत परत गेल्याचं मी कधी पाहिलं नाही. दुकान बंद केलं की ते आमच्या ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवायचे. आजूबाजूच्या तीन तालुक्यांत वाव पेडल असलेला तो एकटा माणूस. पायाखाली ठेवायची लोखंडी पेटी. टाच दाबली की आवाज घशात जातो, पंजा दाबला की तोंड उघडून बाहेर येतो, आणि गिटार माणसासारखी ‘वाव वाव’ बोलायला लागते. वस्ताद अनवाणी पायानं पेडल चालवायचे. जोड्यातून आवाज कळत नाही, असं ते म्हणत.

मी तेव्हा पाटबंधारे खात्यात कारकून होतो. यवतमाळचं आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीतलं. गिटार ही घरात न बोलायची गोष्ट होती. दारव्ह्याला बदली झाली आणि मी ऑर्केस्ट्रात दुसऱ्या गिटारवर शिरलो. वस्ताद मला नावानं कधी हाक मारत नसत. ‘सायब’ म्हणायचे, आणि त्या शब्दात जेवढा मान होता तो सगळा उलटा होता.

एकदा वणीचा एक कोळशाच्या ट्रकांचा कंत्राटदार मुंबईहून आणलेलं परदेशी पेडल घेऊन दुकानात आला. पस्तिशीचा, अंगठ्या घातलेला, हौशी माणूस. त्यानं वाजवायला सुरुवात केली. खांदा वर गेला, तरी त्याला काय माहीत. तो डोळे मिटून वाजवतच राहिला. वस्तादांनी उठून त्याची वायरच ओढली.

“पेडल लय भारी हाय,” ते म्हणाले. “असं मले बी कधी भेटलं नाही. आता फक्त वाजवनारा पाह्य एखादा.”

दुकानात आम्ही चार-पाच जण होतो. सगळे हसलो. कंत्राटदारही हसला, मग त्याचे डोळे भरून आले. पेडल टेबलावर तसंच सोडून तो निघून गेला. परत न्यायला आला नाही. त्यानं गिटारही सोडल्याचं पुढे कोणीतरी सांगितलं. वस्तादांनी ते पेडल पुसून फळीवर ठेवलं, आणि त्याच्याबद्दल एक शब्दही पुन्हा काढला नाही.

मला स्वतःचं वाव पेडल घ्यायचं होतं. वस्तादांकडे होतं तसंच, त्याच कंपनीचं. तसं म्हटल्यावर त्यांनी विचारलं की गिटार कोणती, अँप्लिफायर कोणता, मध्ये आणखी काय लावतोस. मी सांगू लागलो तर म्हणाले, “सांगू नको, घेऊन ये. पोरगी पाह्याच्या अगोदर घर पाह्यतेत.”

मग तीन रविवार मी माझं सगळं सामान त्यांच्या दुकानात मांडलं. कलकत्त्याची चिरकी गिटार, नागपूरला जोडून घेतलेला अँप्लिफायर, आवाज खरखरीत करणारी फजची डबी. दुकानाबाहेर त्यांनी एक भोंगाही टांगला, कारण गावोगावी आमचा आवाज शेवटी भोंग्यातूनच जायचा. पहिलं लावलं ते कंत्राटदाराचं परदेशी पेडल. दुकानात ते फार गोड वाजलं. भोंग्यातून मात्र वरचा सूर असा कानात घुसला की रस्त्यावरून जाणाऱ्या बाईनं पदर कानावर घेतला. “हे बंद खोलीतलं हाय,” वस्ताद म्हणाले, “तुह्या कामाचं नाही.” दुसरं नागपूरचं होतं. ते त्यांनी चालू न करताच वाजवायला लावलं. पेडल बंद, नुसती गिटार. तरी आवाज पातळ झाला होता, जणू कोणीतरी त्यातलं पाणी पिऊन टाकलं. वस्तादांची खरी शिकवण ती इथे होती.

“पयले बंद करून आइक. जे बंद असताना तुहा आवाज खाते, ते चालू केल्यावर तुले काय देइन?”

तिसरं चांगलं होतं, पण माझ्या फजच्या डबीशी जोडलं की किंचाळायचं. दोन्ही चांगले आहेत पण एकमेकांशी जमत नाही, एकाला घरी ठेव, असा त्यांनी निकाल दिला. चौथं त्यांचं स्वतःचं जुनं पेडल, एका बाजूनं चेपलेलं. ते उघडून त्यांनी आतला एक भाग बदलला, म्हणजे सूर फार वर जाणार नाही. मी कंपनीचं नाव विचारलं. “नाव पाहून घेशीन त नावच वाजीन,” एवढं बोलून त्यांनी झाकण लावलं आणि पेडल माझ्याकडे सरकवलं.

त्या तीन रविवारी त्यांनी मला एकच तुकडा चाळीस-पन्नास वेळा वाजवायला लावला असेल. प्रत्येक वेळी पाठ माझ्याकडे. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर एकदा म्हणाले, “तू गिटार वाजवत नाही, सायब. तू फायली सरकवून राह्यला.” लोक हसले. मी रडायच्या बेतात आलो होतो आणि तरी पुढच्या रविवारी गेलो, कारण पहिल्यांदाच मला माझा आवाज ऐकू यायला लागला होता. शेवटच्या रविवारी परतताना ऑर्केस्ट्राच्या जीपमध्ये वस्तादांनी माझा अँप्लिफायर माझ्या खोलीपर्यंत मांडीवर धरला. धक्क्यानं आतलं काही हलायला नको म्हणून. एवढा जड अँप्लिफायर, आणि त्यांनी एकदाही तो खाली टेकवला नाही.

कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव पडले, घराघरात कापूस पडून राहिला, दारव्ह्याच्या एका जिनिंग कारखान्याचा भोंगा सकाळी वाजेनासा झाला. लग्नं व्हायची, पण तासाभरात आटपायची. ऑर्केस्ट्राऐवजी लोक कॅसेट लावू लागले. आमचा ऑर्केस्ट्रा चालवणारे शेठ कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या दुकानातच गिऱ्हाईक नव्हतं. दोन जीपच्या जागी एक जीप झाली. मग शेठ म्हणायला लागले की एका जीपमध्ये दोन गिटार कशा बसणार.

म्हणजे कोणी जायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मीच.

अशातच ढाणकीला एका लग्नात दुपारचा कार्यक्रम होता. मी वस्तादांच्या डाव्या हाताला बसलो होतो. त्यांच्या पेडलवरचं रबर झिजलं होतं, म्हणून त्यांनी तिथे जुन्या टायरचा तुकडा बारीक स्क्रूंनी बसवला होता. गाणं अर्ध्यात आलं तेव्हा माझं लक्ष गेलं. टायरचा तुकडा ओला दिसत होता. मग दिसलं की ते रक्त आहे. एक स्क्रू सैल होऊन वर आला होता आणि वस्तादांचा तळपाय प्रत्येक ठेक्याला त्याच्यावर दाबला जात होता, टाच, पंजा, टाच, पंजा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते गायिकेकडे पाहत शांतपणे वाजवत होते. त्यांना काहीच कळत नव्हतं.

मला कळलं. माझ्या वडिलांना शुगर होती. रोज संध्याकाळी आई त्यांचे तळपाय मांडीवर घेऊन पाहायची, कारण डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की यांना काटा रुतला तरी समजणार नाही. हे पाहतच मी मोठा झालो होतो. वस्ताद चहात तीन-तीन चमचे साखर घ्यायचे, डॉक्टरकडे जन्मात गेले नव्हते, आणि अलीकडे त्यांचं पेडल ठेक्याच्या किंचित मागे पडत होतं. ते का पडतंय, हे मला त्या क्षणी समजलं.

गाणं संपल्यावर ते चपला घालून जेवायला गेले. मी सामान आवरलं. त्यांचं पेडल फडक्यानं पुसलं, स्क्रू पिळून घट्ट बसवला आणि पेडल पेटीत ठेवलं. बोललो काहीच नाही. नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं सांगून पाहिली: गडबड होती, त्यांना राग आला असता, घरी गेल्यावर दिसेलच त्यांना. खरं एवढंच, की त्यांच्या पायाला आता कळत नाही हे समजल्यावर मला बरं वाटलं होतं.

त्यानंतर तीन महिने मी त्यांच्या शेजारी बसून वाजवलं. ते लंगडत नव्हते. दुखतच नव्हतं तर लंगडणार कशानं. शेवटी एक दिवस शेठनी मला दुकानात बोलावून विचारलं, वस्तादांचं हल्ली काय होतंय. मी सांगितलं की त्यांचं पेडल मागे पडतं. पाय गेलाय त्यांचा, असंही म्हणालो. जखमेचं सांगितलं नाही.

शेठना वस्तादांना तोंडावर काढायची हिंमत नव्हती. त्यांनी बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये दुपारी तालीम ठेवली आणि आम्ही दोघांनी एकच तुकडा वाजवावा असं सुचवलं. वस्ताद हसत आले. सायबाची परीक्षा आहे असं त्यांना वाटत होतं. मी आधी वाजवलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदा हलला नाही.

मग ते वाजवायला बसले. बोटं पूर्वीसारखीच होती, माझ्यापेक्षा कितीतरी वरची. पण पाय मागून येत होता. तोंड उघडायच्या जागी गिटार मिटायची, मिटायच्या जागी उघडायची. ढोलकीवाल्यानं मान खाली घातली. तुकडा संपला. शेठ खिशातली डबी काढून सुपारी शोधत राहिले.

“बोला ना कोनी,” वस्ताद म्हणाले.

मी बोललो. “वस्ताद, तुमच्या पायाला काही कळत नाही आता.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उजवा पाय उचलून डाव्या मांडीवर घेतला आणि तळवा वर केला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जागा काळी पडली होती. वास आला. ढोलकीवाला उठून बाहेर गेला. वस्ताद त्या पायाकडे असे पाहत होते, जणू कोणी दुसऱ्याचाच पाय त्यांच्या मांडीवर आणून ठेवला आहे.

“कवापासून?” त्यांनी पायावरची नजर न काढता विचारलं.

शेठना वाटलं ते पायालाच विचारताहेत. मला कळलं होतं.

“ढाणकीपासून,” मी म्हणालो.

त्यांनी मनात हिशेब केला असावा. पाय खाली ठेवला, पेडलवर झाकायचं फडकं पायाला गुंडाळलं, गिटार पेटीत घातली. दारापाशी जाऊन थांबले. आवाज अजिबात चढला नव्हता.

“कान तयार झाला तुहा, सायब. मानूस कराचा राह्यला.”

यवतमाळला आधी अंगठा काढला, मग नागपूरला गुडघ्याखाली पाय. जखम ताजी असताना आणलं असतं तर पाय वाचला नसता का, असं घरच्यांनी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी होकार दिला होता. हे मला ढोलकीवाल्यानं सांगितलं. ढाणकीचं वस्तादांनी घरी कोणाला सांगितलं नाही, शेठनाही पुढे कधी काही बोलले नाहीत. मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजला आणि दुरुस्तीला आलेल्या स्टॅबिलायझरबद्दल बोलले. लीड गिटारची जागा मला मिळाली. एक हंगाम वाजवली. नंतर ऑर्केस्ट्राच बंद पडला आणि माझी वणीला बदली झाली.

वस्ताद वारले त्याच्या आदल्या वर्षी वणीच्या माझ्या क्वार्टरवर एक बाई आल्या. इथल्या दवाखान्यात नर्स होत्या, चाळिशीच्या, चर्चमध्ये गिटार वाजवायच्या. त्यांना वाव पेडल घ्यायचं होतं. माहेर दारव्ह्याचं, म्हणून वस्तादांकडे गेल्या होत्या. वस्तादांनी त्यांना माझा पत्ता दिला होता. कान चांगला आहे त्या माणसाचा, असं सांगून पाठवलं होतं. मी त्यांना गिटार आणि अँप्लिफायर घेऊन पुन्हा यायला सांगितलं. त्या आल्या. दोन पेडलं मी आधी बंद ठेवूनच ऐकली, एक बाजूला काढलं, दुसरं त्यांच्या मऊ आवाजाच्या गिटारला नीट बसलं. त्या खूश झाल्या. गिटार पेटीत ठेवता ठेवता वस्तादांच्या पायाचं निघालं. शुगरच ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

“अशा पेशंटला स्वतःला काही समजत नाही हो,” त्या म्हणाल्या. “जवळच्यानं पाहावं लागतं. कोणी वेळेवर पाहिलंच नाही का?”

“पाहिलं होतं,” मी म्हणालो.