नागप्पा आणि पांढरं बेसिन

नागप्पा गवंडी कोणाच्याही घरी कामाला आला, की आधी थेट मोरीत शिरायचा, उकिडवा बसायचा आणि सांडपाण्याच्या भोकात कोपरापर्यंत हात घालायचा. आत नीट चाचपून झालं, की हात राखेनं घासून मगच तोंड उघडायचा. शुक्रवार पेठेतल्या आम्ही बायका त्याला हसायचो. तेव्हा माझी शकू दोन महिन्यांची होती, आणि मला हवं होतं उभ्यानं भांडी घासता येतील असं काहीतरी.

मोरी ती केवढी, दीड हात रुंद आणि दोन हात लांब. बसलं की गुडघे भिंतीला टेकायचे. त्यात बाळंतपणानंतर माझी कंबर धरली होती. ह्यांच्या गिरणीतल्या साहेबाच्या बंगल्यातून काढून टाकलेलं एक चिनी मातीचं बेसिन, पांढरं शुभ्र, हे मोठ्या ऐटीत टांग्यातून घेऊन आले. ते बघून नागप्पा डोकं खाजवत राहिला. माणूस वळसंगचा, घरी कानडी बोलणारा. एखादी गोष्ट अगदी मनातून नको असली की त्याच्या तोंडी आधी कानडी यायची.

“बेडा, अक्का,” तो म्हणाला. “ह्ये नगं. ह्येला विटंचे खांब घालावं लागत्यात, अन् खाली पोकळी ऱ्हाती. उंदराला घर बांदून दिल्यावानी हाय की. त्यापरीस दगडाची उथळ परात बसवू, भुईला चिकटून.”

“म्हणजे मी पुन्हा बसूनच घासायचं, नागप्पामामा?”

“भांडं किती देखणं हाय त्ये बगू नये. बुडाखाली काय ऱ्हातंय त्ये बगावं.”

रांजण असो, कणगी असो की पेटी, हे वाक्य ठरलेलं. त्याची थोरली सून प्लेगची गाठ येऊन तीन दिवसांत गेली होती, आणि त्याआधी तिला कणगीखाली मेलेला उंदीर सापडला होता. हे मला ठाऊक होतं. तरी मी हट्ट सोडला नाही. आपल्या घरी असलं काही होणार नाही, असं ज्याला त्याला वाटतंच. नागप्पानं बेसिन बसवलं. काम चोख केलं.

त्याच हिवाळ्यात पेठेत उंदीर मरून पडू लागले. लोक किडूकमिडूक बांधून माळावरच्या झोपड्यांत जायला निघाले. आमचीही बांधाबांध चालली होती, तेवढ्यात मोरीतून वास यायला लागला. बेसिनखालच्या पोकळीत मी राख आणि नारळाच्या शेंड्या ठेवत असे. वास तिथूनच येत होता. हे मोरीच्या दारातून पुढे सरेनात. शकूच्या अंगाला मी सारखा हात लावून पाहत होते, आणि साधी ऊब लागली तरी मला ताप वाटत होता.

नागप्पा मागच्या गल्लीत कामावर होता. ह्यांनी हाक मारताच आला. “अक्का, लेकराला घिऊन भायेर व्हा. हिकडं बगू नका.” त्यानं चिमट्यानं मेलेला उंदीर ओढून काढला, अंगणात नेऊन रॉकेल टाकून जाळला. मग खांब फोडले, बेसिन उचकटलं आणि खालचं उंदराचं बीळ दगडचुन्यानं बुजवलं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तोच मागे सरकला.

“धा दिस मी कुनाच्या घरात जानार न्हाय. माज्या नातवंडांत बी न्हाय. दगडाच्या खाणीवर ऱ्हातो.”

बाराव्या दिवशी होटगीच्या वाटेवरच्या माळावर, आमच्या झोपडीबाहेर त्याची हाक आली. “अक्का, लेकरू बरं हाय न्हवं?” हे गिरणीत गेले होते. मुदत उलटून गेली होती, त्याचा आवाज खणखणीत होता. भिण्याचं कारण उरलं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढून तो उंदीर हलेना. मी कुडाचं दार आतून घट्ट धरलं, शकूला पदराखाली घेतलं आणि श्वास रोखला. घरात कोणी नाही असं वाटून त्यानं जावं, एवढंच मी मागत होते.

शकू रडली.

मग तो म्हणाला, “रडती म्हंजे बरी हाय. दार उगडू नगा, अक्का. ऱ्हाऊ द्या.”

त्याच्या वहाणांचा आवाज लांब गेला तरी मी दार धरूनच उभी होते. नागप्पा पुढे आमच्याकडे कधी आला नाही, आणि त्याला बोलवायला मला तोंड राहिलं नव्हतं.