मासळीच्या खोक्यातली अंडी

मला कोंबड्यांचं प्रेम कधीच नव्हतं. अंगणात घाण करतात, पापड वाळत घातले की त्यावरून चालत जातात. कोंबड्या नवऱ्याच्या. तो रोह्याजवळच्या एका कंपनीत फिटर होता. कंपनीनं त्याचं युनिट दुसरीकडे हलवलं तेव्हा पन्नाशी ओलांडलेले सगळे घरी बसले. कुणी रिक्षा घेतली, कुणी पारावर पत्ते कुटायला लागलं. ह्यानं आईच्या वेळची कोंबड्यांची जात धरून ठेवली.

जात बोडक्या मानेची. मानेवर एक पीस नाही, नुसती लाल कातडी. दिसायला ओंगळ, पण चिवट. आमच्या गावात, गडबमध्ये, तशा कोंबड्या फक्त आमच्याकडे. सकाळी साडेसहाला, म्हणजे पहिल्या पाळीची बस यायची त्या वेळेला, तो खुराडं उघडायचा. कंपनी सुटली तरी ती वेळ सुटली नव्हती.

पावसाच्या शेवटी मानमोडीची साथ आली. कोंबड्या पाय ओढायला लागल्या, माना फिरल्या, आठवड्याभरात खुराडं रिकामं. घरामागे त्यानं एकट्यानं खड्डा खणला, चुना टाकला, सगळ्या पुरल्या. मग हातपाय धुतले, खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. आणि उठलाच नाही. म्हणजे मोरीपर्यंत जायचा, दोन घास खायचा. पण उठला नाही.

पेणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, वेळ लागेल, त्यांना कशात तरी गुंतवा. गुंतवा म्हणजे काय? माणूस आहे, लोकर नाही. भात कापायला बोलावलं, नाही म्हणाला. हायवेवर माझं पोह्याच्या पापडांचं दुकान आहे, तिथं नुसतं बसा म्हटलं, तर चादर तोंडावर ओढली. एका संध्याकाळी मी कोथिंबीर निवडत होते. भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "माझं आता काय काम हाय?" किती वाजले विचारावं तशा आवाजात. त्याच वेळी मी उठले. उंदराचं औषध, फवारणीची बाटली, जे जे होतं ते पिशवीत भरलं आणि दुकानात नेऊन कुलपात ठेवलं. घरी येऊन कोथिंबीर पुन्हा निवडायला बसले. देठं आणि पानं एकाच ताटात पडत होती.

रोह्याशेजारच्या अष्टमी गावात मोठी नणंद राहते. तिच्याकडे आमच्याच जातीच्या तीन कोंबड्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं गेले.

"वन्सं, अंडी हवीत. उबवायला."

"घेऊन जा गो. पण बसवणार कुणाखाली? माझी एक पण खुडूक नाय."

"मशीनमध्ये."

"मशीन काय आई हाय? उद्या म्हणशील, मशीन दूध पण पाजतं."

"कोंबडी तरी कुठं दूध पाजते?"

ती हसली. मग भावाची चौकशी करता करता रडली. तांदळाच्या डब्यात ठेवलेली डझनभर अंडी तिनं काढून दिली आणि निघताना बजावलं, "लोखंड ठेव हां आत. दिवस विजांचे हायत."

आमच्याकडे कोंबडी अंड्यांवर बसवली की टोपलीत लोखंडाचा तुकडा आणि कोळसा ठेवतात. वीज कडाडली की अंडी नासतात, लोखंड ते वारतं, अशी समजूत. मी म्हटलं, "वन्सं, ते मशीन अख्खं वायरींचंच आहे. आणखी लोखंड कशाला?"

घरी आल्यावर हे सगळं मी नवऱ्याला मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. त्याची पाठ हलली नाही.

मशीन म्हणजे थर्माकोलचं खोकं. मासळीवाली बर्फ घालून आणते तेच. साबणानं धुतलं, दोन दिवस उन्हात ठेवलं, तरी बोंबलांचा वास गेला नाही. पेणहून तापमानाचं सर्किट आणलं, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा आणला, एक बल्ब, पाण्याला वाटी. गरम झालं की बल्ब बंद होतो, थंड झालं की लागतो, पंखा गरम हवा सगळीकडे फिरवतो. व्हिडिओ बघत मी त्याच्या खाटेशेजारीच जोडायला बसले. ज्या माणसानं आयुष्यभर मला स्क्रूड्रायव्हरला हात लावू दिला नाही, त्याच्यासमोर मी तो उलटा धरला. एक वायर मुद्दाम चुकीच्या जागी लावली. आता उठेल, आता ओरडेल. "पंखा इथं बसवू का?" विचारलं.

"बसव कुठं पण."

मी वायर काढून नीट लावली. पंखा बसवला. अंडी ठेवली.

रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ अंडी फिरवायची. दुपारी दुकान सोडून यावं लागायचं. आठवड्यानं दिवे मालवून मोबाईलच्या उजेडात एकेक अंडं धरलं. आत लाल शिरांचं जाळं आणि मध्ये एक ठिपका, हलणारा. मी अंडं त्याच्या डोळ्यांसमोर नेलं. भिंत आणि तो, यांच्या मधल्या फटीत हात घालून धरलं. त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. "जिता हाय," म्हणाला. त्या रात्री पोळी पूर्ण खाल्ली.

त्यानंतर नणंदेचा फोन आला. रोग अष्टमीलाही पोचला होता. तिन्ही कोंबड्या गेल्या. म्हणजे आता खोक्यात होती तेवढीच. मी त्याला सांगितलं नाही. पण फोनवर नणंद केवढ्यानं बोलते ते अख्ख्या आळीला माहीत आहे. त्यानं ऐकलंच असणार.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी आभाळ भरून आलं. मी दुकानात होते. बाहेर वाळवणीला ठेवलेली मिरगुंडं आत घेईपर्यंत विजा सुरू झाल्या, मग पाऊस. हायवेचं पाणी दुकानाच्या पायरीला लागलं. अडकले. घरी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती.

खाट रिकामी होती. मी चपलांसकट मोरीत बघून आले. हाक मारली तर आतल्या खोलीतून "काय?" असं आलं. तो खुर्चीत बसला होता, खोक्याशेजारी. अंगात सदरा. हातात चहाचा कप. चहा त्यानं स्वतः केला होता. माझ्यासाठीही झाकून ठेवला होता.

"वीज लय कडकत होती," तो म्हणाला. "आईचा तुकडा ठेवला आत."

त्याच्या आईचा विळ्याच्या पात्याचा तुकडा. टोपलीत ठेवायचा तोच. माळ्यावर डब्यात होता. म्हणजे हा माणूस शिडी लावून माळ्यावर चढला होता.

मी झाकण उघडलं. तोंडावर भट्टीसारखी वाफ आली. पात्याचा तुकडा सरकून पंख्यात अडकला होता. पंखा बंद. हवा फिरत नव्हती. तापमान मोजणारी तार खालच्या कोपऱ्यात, थंड बाजूला. त्यामुळे सर्किटला वाटत होतं गार आहे, आणि बल्ब पेटलेलाच. बल्बखालची अंडी हाताला चटका देत होती.

"बरी हायत ना?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "बरं केलंत." तुकडा हळूच कडेला ओढला, पंखा सुरू झाला, झाकण लावलं. मग त्यानं केलेला चहा प्यायले. साखर विसरला होता. सगळा प्यायले.

नंतर तो अंघोळीला गेला तेव्हा एकेक अंडं उजेडात धरलं. शिरा विझल्या होत्या. ठिपका कुठंच हलत नव्हता. कोपऱ्यातल्या दोन अंड्यांबद्दल खात्री वाटेना. मी स्वतःला सांगितलं, दोन असतील. दोन पुरतील.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला तो उठला आणि त्यानं अंडी फिरवली. मला म्हणाला, "तू दुकानात जा. मी हाय." वाटीत पाणी घातलं. दाढी केली. मेलेली अंडी तो दिवसातून तीनदा फिरवत होता आणि मी बघत होते. सांगायचं कसं? महिन्याभरात पहिल्यांदा उठून त्यानं एक गोष्ट केली, आणि तिनंच सगळं मारलं, हे सांगायचं? रोज दुकानात कुलपातल्या त्या पिशवीकडे बघायचे आणि ठरवायचे, आज नाही.

खांब गावात एक बाई गावठी पिल्लं विकते. तिथं जाऊन आले. छान पिल्लं होती, पण पिसांनी भरल्या मानेची. आणून गुपचूप खोक्यात सोडावीत असं डोक्यात होतं. पण तो बघताक्षणी ओळखणार. रिकाम्या हातानं परत आले.

दिवस भरले. तो खोक्याला कान लावून बसला. जेवायला उठेना. "टोच मारतंय का बघ," म्हणायचा. काही मारत नव्हतं. दिवस वर गेले. घरात वास यायला लागला आणि तो बोंबलांचा नव्हता. शेवटी त्यानंच एक अंडं परातीत फोडलं. मग दुसरं. कोपऱ्यातली दोन शेवटी फोडली. त्यांतलं एक पिल्लू जवळजवळ पूर्ण झालं होतं. मान बोडकी.

"लोखंड उशिरा ठेवलं मी," तो म्हणाला. "पहिल्या विजेलाच ठेवायला हवं होतं." आणि त्याचे खांदे पुन्हा तसेच खाली आले, खड्डा बुजवल्यावर आले होते तसे.

मी घाईनं म्हटलं, "तुमचं काही नाही. पंखाच खराब होता. मी जुना उचलून आणला."

फिटरसमोर यंत्राबद्दल खोटं बोलायला मी कमी पडले. त्यानं पंखा काढला. तारा जोडून चालवला, बोटानं पाती तपासली. पंखा सुरळीत फिरत होता. एका पात्याला खाच पडली होती. त्यानं विळ्याचा तुकडा उचलला, खाचेला लावून बघितला. बसला बरोबर. मग माझ्याकडे बघितलं.

मी परात उचलून उभी होते. आता भिंत, असं वाटलं. आता हा भिंतीकडे वळला की संपलं.

"जाळी कुठं हाय?" तो म्हणाला.

"काय?"

"पंख्याला जाळी कुठं हाय? उघडा पंखा ठेवतात? बोट गेलं असतं तर? कंपनीत असतीस तर पहिल्याच पाळीला गेटबाहेर काढली असती तुला!" तो ओरडत होता. शेजारीण दारात येऊन बघून गेली. "मला विचारायला काय झालं होतं?"

"विचारलं होतं! 'बसव कुठं पण' कोण म्हणालं?" मी पण ओरडले. मग हातातली परात जड झाली आणि मी खाली बसले. पिल्लं त्यानंच नेऊन पुरली. हातपाय धुतले आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला.

मी रात्रभर त्याच्या पाठीकडे बघत होते.

पहाटे डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा खाट रिकामी होती आणि आतल्या खोलीत बल्ब लागला होता. पंख्याला चहाच्या जुन्या गाळणीची जाळी, तारेनं घट्ट आवळलेली. वाटीत ताजं पाणी. तापमानाचा आकडा बरोबर साडेसदतीसवर. खोक्यात एकही अंडं नाही. तो खुर्चीत बसून आकड्याकडे बघत होता.

मी बटण बंद केलं नाही. अजून केलेलं नाही. पिशवी अजून दुकानात कुलपातच आहे. पापड घ्यायला गाडी थांबली की मी आधी विचारते, कुठल्या गावचे तुम्ही, आणि तुमच्याकडे कुणाच्या दारात बोडक्या मानेची कोंबडी बघितलीत का?