मोराच्या डब्याची नळी

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. ह्यांच्याजवळही नाही, आणि आता ते ऐकायला नाहीत. पण परवापासून घास घशाखाली उतरत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कामरगावात नवी सून. वीस वर्षांची, नाकावर राग, आणि अक्कल — ती बहुतेक एसटीतच राहिली होती.

माझे धाकटे दीर, सुदाम भाऊजी, दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे. सकाळी जोरात ओढणारं इंजिन दुपारी का धापा टाकतं, हाच त्यांचा ध्यास. रोज चुलीपुढे बसून सांगायचे — तापलेली हवा विरळ असते वयनी, इंजिनाचं पोट भरत नाही. मग त्यांनी पत्र्याची नळी केली. पुढची थंड हवा तिच्यातून इंजिनात जाणार. वरून ओलं पोतं.

पत्रा कुठला? माझ्या आईने लाडू भरून दिलेला, मोराच्या चित्राचा डबा. कापला — मला न विचारता!

त्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या चढावर ट्रॅक्टरांची शर्यत होती. मुरमानं भरलेली ट्रॉली ओढून वर न्यायची. मंगरूळपीरचे एक मिस्त्री नळी बघायला येणार होते. जमली तर भाऊजींना हाताखाली घेणार होते. भाऊजी दोन रात्री झोपले नव्हते.

पोतं भिजवायचं काम माझं. भाऊजी पाळीची चिठ्ठी उचलायला गेले, आणि मी — मी नळीचं तोंड सायलेन्सरच्या गरम धुराकडे वळवलं. थट्टा केली, असं मनाला सांगत आले. थट्टा होती, तर वरून पोतं नीट झाकलं कशाला? गरम हवेनं काय होतं हे माहीत नव्हतं म्हणू? रोज तर ऐकत होते.

अर्ध्या चढावर काळा धूर. इंजिन घुसमटलं, बंद पडलं. लोक हसले. मीही पदरात तोंड खुपसून हसले — काय बाई होते मी! मिस्त्री तसेच एसटी पकडायला निघून गेले. भाऊजींनी नळी बघितलीसुद्धा नाही. उपटली आणि नाल्यात फेकली. पुन्हा इंजिनाला हात लावला नाही. बाजारात पोती वाहिली, पाठ वाकेपर्यंत.

परवा नातू भाऊजींना मोबाईलवर गाड्यांची शर्यत दाखवत होता.

"आबा, टर्बोनं दाबलेली हवा तापते. म्हणून ते आधी थंड करतात, मंग इंजिनात सोडतात. गरम हवेनं जोर कमी होते."

भाऊजी हसले. "खोटं हाय बाबू. म्या सोता करून पाह्यलं. माहीच अक्कल वाकडी होती."

मी चहा घेऊन दारात उभी. इतकी वर्षं हा माणूस स्वतःला मूर्ख समजत जगला? माझ्यामुळे? तेव्हा तरी बोलायचं ना. तोंड उघडलंही —

"साखर कमी हाय का, भाऊजी?"

"बरोबर हाय, वयनी."