अर्धा ग्लास चहा

मित्रांनो, मला पार्किन्सन्स आहे. वय सत्तेचाळीस. वर्षभर कंपनीत कुणाला कळू दिलं नव्हतं, थरथरणारा उजवा हात कायम खिशात.

आज कँटीनच्या सलीमभाईंनी मला अर्धाच ग्लास चहा दिला. म्हटलं, "भाई, भरा की पूर्ण."

ते हळूच म्हणाले, "अर्धा अर्धा दोनदा घ्या, राव. सांडणार नाही."

मागे रांगेतल्या सगळ्यांनी नजर दुसरीकडे वळवली. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

मग आठवलं, बायकोही कित्येक महिने मला अर्धाच कप देते. मला वाटायचं, ॲसिडिटीमुळे चहा कमी करतेय. तिलाही मी अजून सांगितलेलं नाही.

कंपनीच्या बसमधून डाव्या हाताने लिहितोय. पुनावळे येईलच आता. घरी गेल्यावर सुरुवात कशी करू?