मामेसासऱ्यांची लगोरी

आमच्या मामेसासऱ्यांना लहानपण वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आलं, आणि असं जोरात आलं की सांगलीपासून आष्ट्यापर्यंत त्याची झळ न लागलेलं नात्यातलं एकही घर नसेल. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आष्ट्याजवळ गावी ऊस, सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या घराला लागून घर, आणि मिशा अशा भारदस्त की पोस्टमनसुद्धा त्यांच्या हातात पत्र देताना टाचा जुळवायचा. निवृत्तीनंतर माणसं देवळाचे विश्वस्त होतात, गुलाब लावतात, अगदीच काही नाही तर वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात. मामांनी आष्ट्याच्या बाजारातून भोवरा आणला. तो त्यांनी पहिल्यांदा फिरवला तोही घरात, महिन्यापूर्वीच बसवलेल्या नव्या फरशीवर. "आवं, खळगा पडला की फरशीला!" म्हणून मामी स्वयंपाकघरातून धावत आल्या. मामांनी गुडघे टेकून, चष्मा कपाळावर चढवून तो खळगा नीट पाहिला आणि समाधानानं म्हणाले, "पर भोवरा जाग्यावरनं हललाय का बग. एकाच भोकात फिरलाय." मामींनी त्या खळग्यावर पायपुसणं टाकलं. आज त्या घरात सात पायपुसणी आहेत.

भोवरा मग मामांच्या खिशातच राहायला लागला, जाळीसकट, म्हणजे गुंडाळायच्या दोरीसकट. पुतणीच्या लग्नात नवऱ्याची वरात नाचत नाचत इतकी रेंगाळली की मुहूर्त टळून गेला, भटजी जांभया देऊ लागले आणि मांडवातली माणसं मुठीत अक्षता धरून कंटाळली. मामांनी बघितलं, उठले, कोटाचं बटण काढलं आणि मांडवाच्या मधोमध भोवरा सोडला. मग उचलून तळहातावर घेतला, तळहातावरून नखावर घेतला. दहा मिनिटांत सगळा मांडव त्यांच्याभोवती. नवरदेव शेवटी आला तेव्हा त्याच्याकडे बघायला कुणी मोकळं नव्हतं, म्हणून तोही घोड्यावरून उतरून गर्दीत शिरला आणि "मामा, मला एकदा द्या की," म्हणाला. लग्नाला त्या दिवशी जो उशीर झाला त्यातला अर्धा वरातीचा होता, आणि अर्धा नवरदेवाला जाळी गुंडाळता येईना म्हणून झाला. मुलीची आई अजून मामांशी नीट बोलत नाही. नवरा-नवरी मात्र दर दिवाळीला आधी मामांच्या पाया पडायला येतात.

मामांच्या खेळण्यांची ट्रंक हे आमच्या भागातलं प्रेक्षणीय स्थळ आहे. लष्करातली काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात हुद्दा आणि नाव. एके काळी तिच्यात पदकं आणि कागदपत्रं असायची. पदकं आता मामींच्या साड्यांखाली गेली आहेत आणि ट्रंकेत विट्या, दांडू, रबरी चेंडू, लोकरी मोज्यात भरलेल्या गोट्या आणि लगोरीच्या सात चपट्या दगडांचा संच आहे. हे दगड त्यांनी कृष्णेच्या काठावरून, चार सकाळी घालवून, एकेक हातात तोलून निवडले. एक दगड मी एकदा सहज उचलून उलटा ठेवला तर म्हणाले, "पाव्हणं, पाच नंबर हाय त्यो. सव्वीस जानेवारीला पाच नंबरचा जवान उलटा हुबा ऱ्हातो का?"

खेळातले कायदे मामा घरातही लावतात. मामींचं बोलणं फार अंगावर आलं की ते मुठीवर ओठ टेकवतात आणि "टॅम्प्लीज!" म्हणतात. टॅम्प्लीज म्हटल्यावर समोरच्यानं होतं तिथं थांबायचं, हा नियम मामींनी चाळीस वर्षांच्या संसारानंतर कसा काय मान्य केला ते त्यांनाच ठाऊक, पण त्या खरोखर थांबतात, कमरेवर हात ठेवून वाट बघतात आणि मामांनी "चालू" म्हटलं की सोडलेल्या शब्दापासून पुढं सुरू करतात. कॉलनीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून दोन सभासद एकमेकांच्या गळपट्टीला हात घालायला निघाले होते, तेव्हाही मामांनी उभं राहून टॅम्प्लीज घेतली होती. दोघं इतके गांगरले की कशावरून भांडत होतो तेच विसरले. टाकी अजून गळते, पण भांडण मिटलं.

मी स्वतः या प्रकारापासून दूर होतो. सरकारी कचेरीत तीस वर्षं फायली सरकवून निवृत्त झालेला मी, साखर निघाली म्हणून रोज पहाटे मैदानाला पंचवीस फेऱ्या मारायचो. एक दिवस मामा आडवे आले.

"पाव्हणं, कुठं निगाला?"

"कुठं नाही. चालतोय."

"कुठंच जायाचं न्हाई तर चालताय कशापायी? पळा की!" आणि माझ्या खांद्याला बोट लावून म्हणाले, "शिवलं! राज्य तुमच्यावर." आणि पळाले.

आता साठीच्या माणसानं काय करावं? मी इकडंतिकडं बघितलं. पलीकडं कॉलेजातले एक निवृत्त प्राध्यापक हात वर करून व्यायाम करत होते. राज्य अंगावर घेऊन घरी कसं जायचं, हा विचार मला खरोखर पडला. मी हळूच गेलो आणि त्यांच्या कोपराला हात लावला. प्राध्यापक क्षणभर अपमान झाल्यासारखे थांबले, आणि मग जे माझ्या मागं लागले ते बघून मी चाळीस वर्षांत पळालो नव्हतो तसा पळालो. धाप लागली, चप्पल निसटली, आणि मला हसू फुटलं. ते हसू कुठून आलं मला सांगता येणार नाही. पण ते माझं होतं आणि फार दिवसांनी भेटत होतं. त्या दिवशी घरी गेलो तर बायको म्हणाली, "काय झालं? पगारवाढ झाल्यासारखे दिसताय." मी निवृत्त आहे हे तीही क्षणभर विसरली होती.

होता होता आम्ही आठ-नऊ जण झालो. प्राध्यापक, मी, बाजारात दुकान असलेले शिंपी चाचा, आणखी असेच काही. सकाळी सहाला मामा शिट्टी वाजवून हजेरी घेत. लगोरी हा त्यांचा लाडका डाव. त्यात चाचांचा नेम असा की सुईत दोरा ओवावा तसा चेंडू नेमका पळणाऱ्याच्या पाठीत बसायचा. मामा रोज बाद व्हायचे आणि रोज भांडायचे. बाद झालेलं त्यांनी एकदाही पहिल्या सांगण्यात कबूल केलं नाही. चेंडू सदऱ्याला लागला पण पाठीला लागला नाही, या मुद्द्यावरून त्यांनी प्राध्यापकांशी आठ दिवस कट्टी धरली होती. एकाहत्तर वर्षांचा सुभेदार आणि दोन पदव्या घेतलेला प्राध्यापक भाजी बाजारात समोरासमोर आले की तोंडं फिरवायचे.

मग गेल्या वर्षी मामांच्या छातीत दुखलं. दोन स्टेंट घातले. महिनाभर घरात, महिनाभर अंगणात, आणि नंतर डॉक्टरांनी हळूहळू फिरायला सांगितलं. त्या संध्याकाळी मामी आमच्याकडे आल्या. "पाव्हणं, घरात डांबून ठिवलं तर त्यानंच जात्याल. आन् मैदानात गेलं तर पळत्याल. तुमी शाणंसुरतं हाय. कायतरी करा," म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. मी शहाणासुरता, म्हणून मी काहीतरी केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा येण्याआधी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की आजपासून मामा कच्चं लिंबू.

कच्चं लिंबू म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. डावात फार लहान पोर असलं की त्याला खेळात घेतात, पण बाद करत नाहीत, त्याच्यावर राज्य देत नाहीत. पोर खूश, आई खूश. फरक एवढाच की पोराला आपण कच्चं लिंबू आहोत हे माहीत असतं. मामांना आम्ही ते सांगितलं नाही.

पहिले आठ दिवस मामा हवेत होते. चाचांचा चेंडू त्यांच्या डावीकडून जायचा, उजवीकडून जायचा, डोक्यावरून जायचा. मामा हळूच चालत जाऊन सातही दगड रचायचे आणि "लगोरी!" म्हणून ओरडायचे. "स्प्रिंगा एक नंबर बसवल्यात डाक्टरनं," ते आम्हांला छातीवर थाप मारून सांगायचे, "आता आपुन बादच हुईत न्हाई!" हे त्यांनी आष्ट्याच्या सगळ्या भावकीला फोनवरून कळवलं. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनाही सांगितलं. आम्ही खाली माना घालून हसायचो, आणि पाप केल्यासारखंही वाटायचं.

नवव्या दिवशी भर डावात मामांच्या बुटाची नाडी सुटली. ते मैदानाच्या मध्यावर खाली वाकून नाडी बांधू लागले. चेंडू चाचांच्या हातात, चाचा चार पावलांवर. चाचांनी चेंडू उगारला, मामांच्या पाठीकडे पाहिलं, आणि लांब कुंपणावर मारला. मामा तसेच वाकलेले राहिले. मग सावकाश उभे राहिले, कुंपणाकडे बघितलं, चाचांकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे वळले.

"पाव्हणं, मी कच्चं लिंबू हाय व्हय?"

मी कुंपणाकडे चेंडू आणायला निघालो. मामांनी सातही दगड पिशवीत भरले आणि ते घरी गेले. पहिल्यांदाच ते भांडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली नाही. तिसऱ्या नाही, चौथ्या नाही. मी जाऊन आलो तर मामा टीव्हीसमोर बसलेले. मी माफी मागितली. ते हसले, म्हणाले, "तुमचं काय चुकलं न्हाई, पाव्हणं." मग टीव्ही बंद करून म्हणाले, "आमी थोरलं. आई रानात, धाकटा माज्या कडंवर. पोरं खेळायला घ्यायची मला, न्हाई असं न्हाई. पर म्हणायची, ह्याच्याजवळ बाळ हाय, ह्याला मारू नगा रं, ह्यो कच्चं लिंबू. धाकटा चालाय लागला तर त्याच्या मागचा आला कडंवर. समद्यांच्यात पळायचो, पर मला चेंडू कवा लागलाच न्हाई." चहा थंड झाला तरी मी तिथंच बसून राहिलो.

पाचव्या दिवशी मामी पुन्हा आल्या. "जेवत्यात. गोळ्या घेत्यात. पायपुसणी उचलून द्या म्हणलं, उचलून दिली. पाव्हणं, माजं समदं ऐकाय लागल्यात. मला लय भ्या वाटाय लागलंय," म्हणाल्या. आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी अहवाल चाळले आणि म्हणाले, दम लागायच्या आत थांबत असतील तर थोडं पळायला हरकत नाही, खिशात गोळी असू द्या आणि जवळ माणूस असू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी मामांना घेऊनच मैदानात आल्या. एका हातात पाण्याची बाटली, एका हातात दगडांची पिशवी. मामा मागून, शाळेच्या पहिल्या दिवशी ओढून आणल्यासारखे. मामी बाकावर बसल्या. कच्चं लिंबू रद्द, हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. लगोरी रचली, फोडली, डाव सुरू झाला. चेंडू प्राध्यापकांकडे आला, त्यांनी तो मला दिला, मी चाचांना दिला. मामा समोरच होते, दगड रचत, पाठ आमच्याकडे करून. मुद्दाम केली होती की काय कोण जाणे. चाचांचा हात वर गेला आणि पुन्हा खाली आला. "नाही होत हो माझ्यानं," ते पुटपुटले आणि चेंडू त्यांच्या हातून निसटून घरंगळत बाकापाशी गेला.

मामी माण तालुक्यातल्या. त्यांचं लहानपण दहिवडीकडच्या माळावर शेळ्यांमागं गेलेलं. चुकार शेळीच्या शिंगाला नेमका खडा मारून कळप वळवणारी ती पोर होती, हे आम्हांला नंतर कळलं. त्यांनी बाटली खाली ठेवली, चेंडू उचलला, पदर खोचला आणि बसल्या जागेवरून मारला. थाप असा आवाज झाला. मामांच्या पाठीवर, बरोबर मधोमध.

मामा सावकाश वळले. मला वाटलं, छाती धरतात की काय. पण त्यांचा चेहरा लाल झाला होता, मिशा थरथरत होत्या, आणि ते ओरडले, "न्हाई लागला! चाटून गेला! आन् तू गड्यातच न्हाईस, तुजा चेंडू धरायचा न्हाई!"

"हाय मी गड्यात," मामी म्हणाल्या. "आजपास्नं."

"हजेरीत नाव कुठं हाय?"

"मग घ्या की हजेरी!"

प्राध्यापकांनी मध्ये पडून निकाल दिला, की बाद. चाचाही ओरडले, बाद. मीही ओरडलो. आम्ही सगळे घसा फुटेपर्यंत ओरडत होतो, चाचा तर डोळे पुसत ओरडत होते. मामा एकट्यानं सगळ्यांशी भांडले, कुणाकुणाशी कट्टी जाहीर केली, आणि शेवटी पाय आपटत बाद झालेल्यांच्या जागी, मामींच्या शेजारी जाऊन बसले.

डाव पुढं चालू झाला. किती दिवस असा चालेल हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. त्या वयात उद्याची हजेरी कुणी गृहीत धरत नाही. मी बाकामागून चेंडू आणायला गेलो होतो, म्हणून मला ऐकू आलं. मामी मामांची पाठ चोळत हळूच विचारत होत्या, "लय लागला का वो?"

मामांनी एकदा मैदानाकडे बघितलं.

"लागला की," ते म्हणाले. "चांगला लागला. पर ह्यास्नी सांगू नगस."