न मागता उतरलेलं वजन

डॉ. हेमलता राऊत यांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या फुशारकीतून. न्हावा शेवा बंदरातली नोकरी संपवून मी नागावच्या वाडीत राहायला आलो आणि वर्षाच्या आत सगळ्या विजारी कमरेत आवळू लागल्या. बाईंच्या दवाखान्यात बसून मी ठणकावून सांगितलं, "महिना झाला, भाताचं शीत तोंडात घातलेलं नाही. तरी वजन हलत नाही. हे भात सोडण्याचं सगळं थोतांड आहे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "भाकरी कशाची खाता?"

"तांदळाचीच. आपल्याकडे दुसरी कसली असते?"

"बंदरात तुमचं काम काय होतं?"

"कंटेनरमधला माल कागदाप्रमाणे आहे की नाही, ते बघायचं."

"मग इथेही बघा. कागद बदललेत, माल तोच आहे."

मी जन्माचा संशयी माणूस. वर काजू आणि खाली माती, असली पोती उघडण्यात उमर गेली. ज्या बाईंनी मला असं सहज पकडलं, त्यांच्याविषयी आदर वाटला आणि पाठोपाठ संशयही. एवढ्या हुशार बाई नागावात दवाखाना थाटून का बसल्या असतील, हा प्रश्न मी पुढे कित्येक दिवस घोळवत होतो.

बाईंच्या अमृतमहोत्सवी अंकासाठी त्यांच्या आहारविषयक कार्यावर लिहा, असं समारंभाच्या समितीने मला सांगितलं. त्याच बैठकीला बाई आल्या होत्या आणि जो तो त्यांना म्हणत होता, "बाई, काय छान बारीक झालात. तुम्हीपण भात सोडलात वाटतं." बाई नुसत्या हसल्या. ते हसणं मला पटलं नाही. उत्तर टाळणारी माणसं मी नोकरीभर पाहिली आहेत. तेव्हा हा गौरवलेख असला तरी तो लिहिताना माझा जीव बाईंच्या तब्येतीत अडकलेला होता, हे वाचकांना आधीच सांगितलेलं बरं.

त्यांचं कार्य मी घरातच पाहिलं. माझ्या पत्नीला, सुनंदाला, साखरेचा त्रास आहे. वाशीला राहणाऱ्या आमच्या मुलाने मोबाइलवर एक आहार पाठवला. भात, भाकरी, पोहे, बटाटा, गूळ सगळं बंद. अंडी, मासळी, पनीर, लोणी-तूप आणि पालेभाजी हवी तेवढी. पंधरवड्यातच सुनंदाचं वजन झपाट्याने उतरलं. आळीतल्या बायका पाहायला येऊ लागल्या. मी मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत होतो की यात काहीतरी काळंबेरं आहे. आणि एका सकाळी वाडीत फुलं तोडताना सुनंदाला दरदरून घाम फुटला, हातपाय कापू लागले आणि ती विहिरीच्या कठड्याला टेकून बसली. माझी तर गाळण उडाली. बाईंना फोन केला. त्यांनी आधी साखरेचं पाणी पाजायला लावलं आणि स्वतः रिक्षाने आल्या.

सुनंदा सावरल्यावर मी विजयी सुरात म्हणालो, "बघितलंत, हे डाएट माणसं मारणार."

"डाएटला शिव्या देऊ नका," बाई म्हणाल्या. "ताटातला भात गेला आणि साखरेची गोळी तेवढीच राहिली. मला विचारलं असतंत तर गोळी आधीच कमी केली असती."

"मला कुटं ठाव हाय," सुनंदा म्हणाली. "गोली जेवणापरमाणं बदलतात, ह्यं कोन सांगतंय."

बाईंनी गोळी कमी केली, मूत्रपिंडाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्या करून घेतल्या, लोण्यातुपाला आवर घातला, डाळी आणि भाज्या वाढवल्या आणि आहार चालू ठेवायला सांगितलं. सुनंदाचं वजन पाहून मात्र त्या हुरळल्या नाहीत. "सुरुवातीचं बरंचसं पाणी असतं. चरबी एवढ्या घाईने जात नाही."

त्यांनी आहाराला वाईट म्हटलं नाही, याचा मला राग आला. मी तोंडावर विचारलं, "या डाएटच्या पावडरी विकणारे तुमच्याकडे काही पोचवतात का?" दुसरं कोणी असतं तर मला बाहेर काढलं असतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "विचारलंत ते बरं केलंत. प्रत्येक डॉक्टरला विचारत जा." मग म्हणाल्या, "भात-भाकरी कमी केली की पुष्कळांचं वजन लवकर उतरतं, साखरही सुधारते. पण वर्षभराने पाहाल तर भात कमी करणारा आणि तेलतूप कमी करणारा साधारण एकाच ठिकाणी उभे दिसतात. जे निभावतं ते खरं. दहा-वीस वर्षांनी काय होतं, ते मला ठाऊक नाही. ठाऊक आहे म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही." माझ्याहून संशयी माणूस मला त्या दिवशी भेटला, आणि माझा बाईंवर विश्वास बसला तो तेव्हापासून.

हा संशय कोरडा नव्हता. सुगी झाल्यावर सुनंदाचा भाऊ दरवर्षी नवा तांदूळ घेऊन येतो. त्या वर्षी "मी भात खात न्हाय" असं सुनंदाने सांगितलं आणि तो बिचारा चहाही न घेता उठला. सुनंदा दोन दिवस रडत होती. बाईंना कळलं तेव्हा त्यांनी तिला बोलावून सांगितलं, "माहेरचा तांदूळ नाकारायचं औषध मी लिहून दिलेलं नाही. आधी भाजी, मासळी खा. मग लहान वाटीभर भात खा, आणि भावाला फोन कर." आज सुनंदाचं थोडं वजन परत आलं आहे, बरंचसं गेलेलंच आहे आणि भाऊ येतो आहे.

किहीमच्या एका कॉटेजवाल्याची गोष्टही सांगायला हवी. तो बारीक झाला तेव्हा लोकांनी त्याला आहार विचारून भंडावलं. बाईंनी एकच विचारलं, "खाणं कमी केलंस का?" तो नाही म्हणाला. बाईंनी त्याच दिवशी छातीचा फोटो काढायला पाठवलं. क्षय निघाला. तो आज ठणठणीत आहे. तेव्हा बाई आम्हाला म्हणाल्या होत्या, "न मागता उतरलेल्या वजनाचं कौतुक करू नका. त्याचा संशय घ्या."

म्हणून बैठकीनंतर आम्ही बाईंना जेवायला बोलावलं. जिताडा मासळीचं कालवण, तांदळाची भाकरी, भात असा बेत केला. बाई पोटभर जेवल्या, भात दोनदा घेतला. थंडीचे दिवस असूनही त्यांनी पंखा लावायला सांगितला. तांब्या उचलताना त्यांची बोटं थरथरली.

सुनंदा म्हणाली, "बाई, तुमी भात सोडलेला न्हाय. मंग बारीक कशानं झालात?"

"वय झालं गं."

"वय झालं हे निदान नव्हे, असं तुम्हीच आम्हाला सांगत आलात," मी म्हणालो.

बाईंनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "काट्यावर उभी राहायची मला भीती वाटत होती."

सकाळी आम्ही त्यांना अलिबागला रक्त तपासायला घेऊन गेलो. थायरॉइड वाढलेलं निघालं. औषध सुरू झालं आहे आणि थरथर कमी आहे. हे सगळं छापू का, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "छापा. लोक कौतुक करायचे तरी थांबतील."

तेव्हा समारंभाला येणाऱ्या सर्वांना हात जोडून विनंती आहे, बाईंना आहार विचारू नका, गोळी घेतली का ते विचारा. राऊतबाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि येत्या वर्षात त्यांचं वजन भरपूर वाढो.