हलका हात

आमच्या धंद्यावर मराठीत एक म्हण आहे. ती ऐकून ऐकून माझे कान किटलेत, म्हणून इथे लिहीत नाही. कर्जतच्या बाजारात आमचं सोन्याचांदीचं छोटं दुकान आहे आणि पोरांचे कान टोचायचं काम गेली सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे. आधी सासरे टोचायचे. त्यांचा हात कापायला लागला तसं त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. कानाची पाळी चोळून चोळून बधिर करायची, बोळ्यानं पुसायची, शाईचा ठिपका द्यायचा आणि सोन्याच्या तारेचं टोक एका दमात पार करायचं. मध्येच थांबलं की पोराला दुखतं. माझा हात हलका, असं सगळे म्हणतात. ब्युटी पार्लरमध्ये हल्ली बंदुकीनं टोचतात, त्यांना मी आजवर किती नावं ठेवली ते सांगता यायचं नाही. गर्व होता मला. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू?

टोचताना पोर मामाच्या मांडीवर बसतं. मामाला खोबरं-गूळ मिळतो, आणि पोरानं कितीही लाथा झाडल्या तरी हलायचं नसतं. आईला मात्र आम्ही बाहेर पाठवतो. पोर रडलं की आई रडते आणि दोघांना गप्प करण्यात माझा दिवस जातो. सासरे तसं करायचे, म्हणून मीही करत आले.

ती मुलगी आली तेव्हा तीन वर्षांची होती. मामा आम्ही राहतो त्या भिसेगावातलाच, मागच्या गल्लीतला, टेंपो चालवतो. त्याची बहीण कुंभिवलीला दिलेली. नवरा रसायनीच्या कारखान्यात पाळीवर जातो. बहिणीचा पहिला मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला होता. त्याला नेमकं काय झालं ते कोणालाच धड कळलं नव्हतं. ही दुसरी जन्मल्यावर बरेच दिवस काचेच्या पेटीत होती, त्यामुळे बाराव्या दिवशी कान टोचायचं राहिलं. पुढे सारखं काही ना काही. तीन वर्षांची झाली तरी चार पावलं टाकून खाली बसायची आणि दुपार झाली की तिच्या पापण्या आपोआप खाली यायच्या. पण सासूचा लकडा लागला होता, पोरीच्या जातीचे कान भुंडे बरे दिसत नाहीत म्हणून.

मी नेहमीसारखंच टोचलं. उजवा कान, मग डावा. पोरीनं फार आरडाओरडासुद्धा केला नाही, तेवढी ताकदच नव्हती तिच्यात. तार वळवून बाळी बंद केली आणि हात पुसायला वळले, तेवढ्यात मामा म्हणाला, "काकी, हे बघा." डाव्या कानातून रक्त येत होतं. एखादा थेंब कधीतरी येतो, तसा मी पुसला. पुन्हा आला. बोळा दाबून धरला, तुरटी लावली, हळद लावली. बोळा काढला की पुन्हा बारीक धार. मग उजवाही वाहायला लागला. मामाच्या पांढऱ्या शर्टाचा खांदा भिजला. घड्याळाकडे बघायचा मला धीर होत नव्हता, पण तासाच्या वर गेला हे नक्की. शेवटी थांबलं, ते कशानं थांबलं ते मला आजही सांगता येणार नाही.

तिची आई बाहेर होती. मामानं तिला बांगड्या भरायला पिटाळलं होतं. ती परत आली तोवर त्यानं माझ्या नवऱ्याचा शर्ट चढवला होता, पोरीला कुंची घालून खांद्यावर निजवलं होतं आणि कुंचीच्या आत हातरुमाल दाबून धरला होता. तिला काही सांगू नका, असं तो माझ्या कानात म्हणाला होता. पहिला मुलगा गेल्यापासून सासू उठता बसता तिला बोलत होती, की तुमच्याच रक्तात खोट आहे. त्यात आता हे कळलं तर तिला त्या घरात जगणं मुश्कील होईल. मी मान हलवली. तिच्या आईनं विचारलं, रडली का हो? मी म्हटलं, छे, कळलंसुद्धा नाही तिला.

मामानं बहिणीसाठी लपवलं. मी कशासाठी लपवलं? बाहेर बाकावर अजून दोघी पोरं घेऊन बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं असतं म्हणून. माझा हात हलका राहिला पाहिजे होता, म्हणून. दयेचं नाव पुढे केलं आणि मूग गिळून बसले.

दीड वर्षानं, एका मंगळवारी, त्या पोरीची आई तिला घेऊन पुन्हा दुकानात आली. या खेपेला सासू बरोबर होती. शुक्रवारी मुंबईच्या हॉस्पिटलात पोरीचं छोटं ऑपरेशन होतं आणि अंगावर धातू ठेवायचा नाही असं सांगितलं होतं. माझी बाळी तारेची, पिळून बंद केलेली, ती घरी निघेना. बाळ्या कापता कापता मी विचारलं, ऑपरेशन कसलं? ती म्हणाली, डॉक्टरांना मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराचा संशय आहे. तो अवघड शब्द ती न अडखळता म्हणाली, इतक्या वेळा ऐकला असणार. शरीराच्या कणाकणात विजेची बारकी घरं असतात म्हणे, हिची तिथली वीज कमी पडते. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी होतं तसं, दिवा लागतो पण पंखा फिरत नाही. खात्री करायला मांडीच्या मांसाचा तुकडा काढून तपासणार होते.

"रक्ताचं बी लई इचारलं डॉक्टरणीनं," ती म्हणाली. "नाकातनं येतं का, दात पडताना आलं का, कान टोचताना आलं का. म्हनलं, आमच्या काकींचा हात एवढा हलका, एक टिपूस नाय आलं." सासूनं शेजारून मान डोलावली. रक्ताच्या तपासण्याही नीट आल्या होत्या, ती पुढे म्हणाली.

मी बाळ्या कागदात गुंडाळून दिल्या, भोकं बुजू नयेत म्हणून कडुलिंबाच्या काड्या दिल्या आणि पोरीच्या गालावरून हात फिरवला. त्या गेल्यावर गिऱ्हाईक आलं, त्याला मी पैंजण दाखवायच्या ऐवजी जोडवी दाखवत बसले.

संध्याकाळी मामाकडे गेले. तो टेंपो धूत होता. त्याला म्हटलं, आपण दोघांनी जे खोटं सांगितलं तेच तुझ्या बहिणीनं डॉक्टरला खरं म्हणून सांगितलंय आणि शुक्रवारी पोरीच्या मांडीवर सुरी फिरणार आहे. त्यानं पाण्याचा पाइप बंद केला नाही. तपासण्या चांगल्या आल्यात, आता कशाला राख उकरायची, म्हणाला. मी चिडले. तुझ्या शर्टाचा खांदा विसरलास का, असं विचारलं. त्यानं पाइप चाकावर धरला. मग म्हणाला, "सकाळी सोडतो तुमाला. पन मी आत येनार नाय."

बुधवारी त्यानं मला कुंभिवलीत सोडलं आणि टेंपो हायवेच्या कडेला, गॅरेजपाशी लावून आतच बसून राहिला. घर रस्त्यालगतचंच, ट्रक गेला की भिंतीवरची भांडी वाजायची. पोरगी चटईवर पडून चमच्यानं ताट वाजवत होती. तिचे रिकामे कान मला आधी दिसले. सासू मागे पडवीत तांदूळ निवडत होती. मी संधी साधून हळू आवाजात सगळं सांगून टाकलं, तुरटी, हळद, शर्ट, तासभर, सगळं. ती रडेल नाहीतर अंगावर येईल, यातल्या कशालाही मी तयार होते.

ती म्हणाली, "ठाव हाय मला, काकी. दुसऱ्या दिशी उशी मीच धुतली."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. ती खालच्या आवाजात बोलत राहिली. सकाळी उशीला रक्त होतं, कानामागे वाळलेलं होतं. पण विचारलं तर खरं होईल, म्हणून कोणालाच विचारलं नाही. डॉक्टरणीनं विचारलं तेव्हा सासू शेजारच्याच स्टुलावर बसली होती. दुकानातही होती. मग काय सांगणार?

मला एक युक्ती सुचली, आणि ती सुचली याची मला लाज वाटते. म्हटलं, डॉक्टरांना फोन करू आणि सांगू की माझा हात चुकला, भोक वाकडं पडलं, म्हणून रक्त आलं. म्हणजे तुझ्यावर कोणी बोट दाखवणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा हात जड म्हणवून घ्यायला तयार झाले होते, आणि मनातल्या मनात स्वतःवर खूशही झाले होते.

फायलीवर नंबर होता. तीनदा लावल्यावर लागला, मग कोणीतरी थांबायला सांगितलं, मग डॉक्टरीणबाई आल्या. पोरीच्या आईच्या फोनचा आवाज स्पीकरवर टाकल्याशिवाय ऐकूच यायचा नाही, त्यामुळे सगळं घरभर ऐकू जात होतं. मी कोण ते सांगितलं आणि कान तासभर वाहत होते, तेही सांगितलं. बाई एकदम सावध झाल्या. आमच्या साध्या तपासण्यांत सगळं दिसत नाही, म्हणाल्या. जखम बुजवणारे बारीक कण रक्तात असतात, त्यांनाही काम करायला तीच वीज लागते. ते संख्येनं पुरेसे दिसतात, पण कामाला ढिले असू शकतात. या आजारात काही मुलांमध्ये तसं आढळतं. म्हणून आम्ही घरच्यांना इतकं खोदून विचारतो. मग त्यांनी सरळ विचारलं, "टोचताना काही चुकलं होतं का? भोक मोठं पडलं, वाकडं गेलं, असं काही?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हात चुकला म्हटलं, तर ते रक्त माझं झालं असतं, पोरीचं राहिलंच नसतं. बाईंनी ती नोंद खोडली असती आणि शुक्रवारी सुरी चालवली असती. मान वर केली तर पडवीच्या दारात सासू उभी होती, हातात सूप.

"नाही," मी म्हटलं. "हात बरोबर होता. हजारो कान टोचलेत मी. असं रक्त कधी पाहिलं नाही."

सव्वीस वर्षं जे म्हणत आले तेच म्हणाले. माझा हात निर्दोष ठरला की खोट कुठे जाऊन पडणार, ते त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. सोन्यातली खोट मी रोज माणसांच्या तोंडावर सांगते. हे सांगणं तसं नव्हतं.

पोरीच्या आईनं फोन माझ्या हातातून घेतला. सासूकडे न बघता ती म्हणाली, की दुसऱ्या दिवशी उशी भिजलेली होती, आपण त्या दिवशी खोटं सांगितलं. बाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाला असं होतं का? म्हणजे आईकडच्यांपैकी, किंवा हिच्या भावंडांत? बाहेरून ट्रक गेला, भांडी वाजली.

"थोरल्याच्या नाकातनं यायचं," सासू दारातून म्हणाली. "राती कवाबी. ही उठायच्या आधी उशी मी धुवायची."

फोनवर बाईंनी विचारलं, आता कोण बोललं?

"आजी हाय मी," ती म्हणाली. सूप खाली ठेवून ती फोनजवळ येऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. किती वेळा, किती वेळ, कोणत्या महिन्यापासून. सगळं पाठ होतं तिला. सून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मुलगा जाऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं ही बाई सुनेला बोल लावत होती आणि सहा वर्षं त्या उशा स्वतःच्या पोटात घेऊन बसली होती. मला तिचा राग आला, भयंकर आला, आणि तरीही मी उठून तिला पाणी आणून दिलं.

शुक्रवारचं ऑपरेशन पुढे ढकललं. हॉस्पिटलात नेऊन पोरीचं ताजं रक्त तपासलं, तेव्हा ते कण खरंच ढिले निघाले. महिन्याभरानं सगळी तयारी ठेवून मांडीचा तुकडा काढला. तरीही रक्त जास्त गेलं, पण गेल्याचं ताबडतोब लक्षात आलं आणि थांबवता आलं. आजाराचं नाव अजून पक्कं नाही, फायलीवर संशयित असंच लिहिलेलं आहे. कानाची भोकं बुजून गेली. आई म्हणाली, बुजू देत.

मामा मला पाहिलं की अजून दुसऱ्या गल्लीनं जातो. मी कान टोचायचं सोडलं नाही. पण आता तार हातात घ्यायच्या आधी चार प्रश्न विचारते, आणि काही बायका नाक मुरडून पार्लरमध्ये जातात. जाऊ देत. शेवटचा प्रश्न त्यांना सगळ्यात विचित्र वाटतो. बाळाची उशी कोण धुतं, असं मी विचारते, आणि मामाबरोबर त्या उशी धुणारीलाही आत बोलावते.